उगवतीकडची खापरी

"पंचवीसपैकी पंचवीस!"

मी एकटीच ओरडले आणि फळीला लावलेल्या कागदावर आकडा इतक्या जोरात लिहिला की पेन्सिलीचं टोक मोडलं. मार्चमधलं ऊन होतं, सावरखेड्याचा माळ तापलेल्या तव्यासारखा झाला होता, घशाला कोरड पडली होती. तरी मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. निळ्या खुंटीच्या चारही चौकटी मोजून झाल्या होत्या. शंभरपैकी शंभर रोपं जिवंत.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि चोविसाव्या वर्षी माणसाला आपलं काम जितकं मोठं वाटतं, तितकं मला माझं वाटत होतं. कन्नड तालुक्याच्या उत्तर टोकाला, जिथून जमीन एकदम खाली खानदेशात उतरते, तिथे आमच्या वन संशोधन केंद्राचा हा माळ होता. वर फूटभर माती, खाली मुरूम. या डोंगररांगेवर पुढं आठशे हेक्टर अंजनाची लागवड व्हायची होती. अंजनच लावायचा, हे ठरलं होतं. हलक्या जमिनीत आणि अपुऱ्या पावसात तग धरणारं ते झाड. प्रश्न बियांचा होता. झाड तेच असलं तरी आईबाप कुठल्या मातीत वाढले, यावर लेकराचं नशीब ठरतं. म्हणून पाच ठिकाणांहून बी आणलं होतं, प्रत्येकाची शंभर रोपं चार पट्ट्यांत विभागून लावली होती आणि प्रत्येकाच्या चौकटीला वेगळ्या रंगाची खुंटी ठोकली होती. पाचशे रोपं, तीन वर्षं. जे बी सर्वांत जास्त तगेल, ते आठशे हेक्टरांवर जाणार.

निळी खुंटी म्हणजे दक्षिणेतून आलेलं बी. त्या झाडांचे मी फोटो पाहिले होते. सरळसोट, देवळाच्या खांबासारखी. पांढरी खुंटी म्हणजे इथल्याच घाटातलं बी. घाटातले अंजन गावकऱ्यांनी चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं छाटून छाटून पार खुजे केलेले, एकाची फांदी धड नाही. त्यांचं बी आम्ही केवळ तुलनेसाठी घेतलं होतं. आमचे प्रमुख डॉ. बाविस्कर त्या रोपांना 'आपले घरचे पाहुणे' म्हणायचे. म्हणजे जेवायला वाढायचं, पण मानाचं पान द्यायचं नाही.

"झाली का मोजनी?" मागून कडूबाईचा आवाज आला.

कडूबाई दांडगे या माळावरची आमची रोजंदारीची बाई. पंचेचाळिशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. रोपवाटिकेपासून पाणी घालण्यापर्यंत सगळं तिच्या हातून झालेलं. डोक्यावरचा हंडा उतरवून ती पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

"झाली. कडूबाई, निळ्यातलं एकही रोप गेलं नाही! पांढऱ्यातलंही नाही. खरं तर कुठल्याच रंगातलं..."

बोलता बोलता मी थांबले. कागदाकडे पाहिलं. पाच रंग, वीस चौकटी, आणि वीसच्या वीस ठिकाणी पंचवीस. या मुरमावर, तीन उन्हाळ्यांनंतर, पाचशेतलं एकही रोप मेलेलं नाही? असं कधी होतं का?

"मरंल कसं?" कडूबाई हसली. तिचे पानानं रंगलेले दात दिसले. "एकबी नांगी ठेवली नाही म्या. मेलं की दुसरं लावलं."

नांगी म्हणजे पिकाच्या ओळीत रोप मेल्यामुळे पडलेली मोकळी जागा. कपाशीच्या शेतात बायका नांग्या भरतात. शेतात ते बरोबरच आहे. पण जिथे कोण मरतं आणि कोण जगतं हेच पाहायचं आहे, तिथे मेलेल्याच्या जागी दुसरं आणून उभं करायचं म्हणजे परीक्षेत नापास झालेल्या पोराच्या जागी शेजारचं हुशार पोर बसवण्यासारखं.

"दुसरं कुठलं लावलं?" मी विचारलं.

"रोपवाटिकेत उरलेलं. हाती येईल ते."

त्यानंतर मी जे बोलले ते आज आठवलं तरी कान गरम होतात. माझा राग तेव्हा फार वाईट होता. आताही फार सुधारलाय असं नाही. माझी तीन वर्षं मातीत घातलीस, म्हणाले. अडाणी म्हणाले. 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. ती माझ्या आईच्या वयाची होती. शेवटी म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. अवजारांच्या खोलीची किल्ली ठेव आणि जा."

तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. फक्त म्हणाली, "किल्ली घरी हाये. सकाळी आनून देते." आणि रिकामा हंडा उचलून पायवाटेनं उतरून गेली.

शनिवारी बाविस्कर साहेब येणार होते. त्या दिवशी मंगळवार होता. दक्षिणेतून बी मागवायचं पत्र टाइप होऊन तयार होतं. माझे आकडे मिळाले की ते सही करणार होते. मी गप्प राहिले असते तर काम सोपं होतं. सगळेच रंग सारखे म्हटल्यावर सरळसोट झाडांचा निळाच निवडला गेला असता. शंभरपैकी शंभर. कुणी विचारलंही नसतं.

बुधवारी सकाळी मी उठून माळावर गेले ती एका हट्टानं. रोपांची उंची तरी काही सांगेल, असा विचार केला. निळ्या चौकटींत माझ्या वहीत जागोजाग 'असमान वाढ' असा शेरा होता. काही रोपं कमरेएवढी, काही गुडघ्याच्या खाली. तो शेरा मीच लिहिला होता आणि त्यावर कधी विचार केला नव्हता. आता एका खुज्या रोपापाशी खुरपं घेऊन बसले, मूळ किती खोल गेलंय ते पाहावं म्हणून हळूच माती बाजूला केली. चार बोटांवर खुरपं खट्कन वाजलं.

दगड नव्हता. मडक्याचा तुकडा होता, तळहाताच्या अर्ध्याएवढा. खापरी.

शेजारचं रोप उंच होतं. तिथं उकरलं, काही नाही. त्यापुढचं खुजं. तिथं पुन्हा खट्. एक खापरी, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. तिन्ही रोपाच्या एकाच बाजूला, पूर्वेला.

मी मान वर केली तर कडूबाई अवजारांच्या खोलीपाशी आलेली दिसली. दाराशी उकिडवी बसून ती काहीतरी करत होती. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी मान फिरवली. थोड्या वेळानं ती किल्ली घेऊन माझ्यापर्यंत आली. माझ्या हातातली खापरी पाहून मात्र तिचा चेहरा बदलला.

"ती ठेवा पयले जागेवर," ती म्हणाली. काल इतकं ऐकून घेणाऱ्या बाईनं मला सरळ हुकूम सोडला होता.

"ही तुम्ही ठेवली?"

"मेलेल्याच्या जागी दुसरं लावायचं तर उगवतीच्या अंगाला खापरी ठेवावी लागती. मह्या आईचं तसं व्हतं. मी बी तसंच करते. पयल्याचं दुखनं दुसऱ्याला लागत नाही."

"प्रत्येक वेळी?"

"मग? दोनदा मेलं तर दोन. तिनदा मेलं तर तीन."

मी तिथेच मातीत बसले. कुठलं रोप मूळचं आणि कुठलं नंतरचं, कुठल्या खड्ड्यात किती मेली, हे सगळं या माळाखाली चार बोटांवर पुरलेलं होतं. मी तीन वर्षं वहीत जे लिहायला हवं होतं, ते कडूबाईनं मातीत लिहून ठेवलं होतं.

"कडूबाई," मी म्हणाले, "आपल्याला पाचशे रोपं उकरायची आहेत. शनिवारच्या आत."

"काल तर येऊ नको म्हन्ल्या."

"म्हणाले."

तिनं किल्ली कमरेला खोचली. "खापऱ्या काढायच्या नाहीत पन. बघायची, मोजायची, परत झाकायची. एक जरी बाहेर ऱ्हायली तर मी नाही हात लावनार."

"साहेबांना दाखवायला निदान थोड्या..."

"एकबी नाही."

पुरावा म्हणून पोतं भरून खापऱ्या न्यायच्या, असं माझ्या मनात आलंच होतं. ते सोडून दिलं. तीन दिवस आम्ही दोघी त्या माळावर गुडघ्यांवर चाललो. ती उकरायची, मी मोजून लिहायची, ती झाकायची. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिनं घरून एरंडाचं पान आणून बांधलं आणि पुन्हा खुरपं माझ्या हातात दिलं, कारण एकटीच्या हातून पुरं होणार नव्हतं. दुपारी माळाच्या कडेच्या जुन्या अंजनाच्या विरळ सावलीत भाकरी आणि ठेचा खायचो आणि लगेच उठायचो. फार बोलायचो नाही.

एकदा मात्र मी विचारलं, "मेलेलं रोप मला दाखवायचं, असं मी सांगितलं नव्हतं का?"

"नाही," ती म्हणाली. "तुमी म्हन्ल्या, एकबी रोप मरता कामा नये. पयल्याच रोजी. अन् पयल्या वर्सी साहेब आले तवा तुमीच त्याह्यला हा माळ दाखवला. म्हन्ल्या, बघा, कडूबाईच्या माळावर एक नांगी नाही."

मला तो दिवस लख्ख आठवला. मीच कौतुक केलं होतं. रोपं एवढी हिरवी कशी, हे विचारायचं शिक्षण घेऊन आलेली मी, आणि मीच विचारलं नव्हतं. पाणी प्याले आणि पुढचं विचारलं.

"निळ्यात आधी कुठली लावली नांगीला?"

"निळीच. दिसाया चांगली व्हती ना. उन्हाळा आला की पटापटा जायची. मग ती सरली. मग ती पांढऱ्यातली खुजी उरलेली व्हती, कुनी घेतच नव्हतं, ती लावली." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "ती ऱ्हायली."

शुक्रवारी दिवस कलताना शेवटचं रोप झालं. मी बेरीज केली, पुन्हा केली. निळी खुंटी: शंभर जागा, त्यांतली मूळची रोपं फक्त सव्वीस. एकशे सव्वीस खापऱ्या. पांढरी खुंटी: शंभर जागा, मूळची एक्क्याण्णव. नऊ खापऱ्या. बाकीचे तीन रंग मधे कुठेतरी. म्हणजे निळ्या चौकटी हिरव्या दिसत होत्या त्या घरच्या पाहुण्यांच्या जिवावर.

कडूबाई हात धूत होती. मी विचारलं, "तुमच्या आईनं हे कुठून आणलं? खापरीचं?"

तिनं हात पदराला पुसले, मग म्हणाली, "मह्या आधी तिघं झाले. तिन्ही गेले. बारसं बी नाही झालं एकाचं. आईनं तीन डाव उंबऱ्यापाशी, उगवतीच्या अंगाला खापरी पुरली. मग मी झाले. म्हून तर नाव कडू. कडू असलं म्हंजी काळ तोंडात घालीत नाही." ती हसली. "मी बी नांगीच की बाई. भरलेली. मला मोकळी जागा बघवत नाही."

शनिवारी सकाळी जीप आली. बाविस्कर साहेब उतरले, सुपारी तोंडात, टाइप केलेलं पत्र असलेली फाइल बगलेत. माणूस मोठा विनोदी, पण कामाच्या वेळी चेष्टा करता करता समोरच्याला सोलून काढायचा. मी कागद दिला. त्यांनी वाचला. सुपारी चघळणं थांबलं.

"हे काय, मिस कुलथे? खापऱ्यांची संख्या? हा रकाना कुठल्या पुस्तकात आहे?"

मी सगळं सांगितलं. कडूबाईनं नांग्या भरल्या हेही, आणि मीच तिला 'एकही मरता कामा नये' म्हटलं होतं, मीच त्याचं कौतुक केलं होतं हेही.

"म्हणजे प्रयोग वाया गेला," ते म्हणाले.

"गेला नाही, सर. सगळी मरणं मोजलेली आहेत."

"खापऱ्यांवर मी आठशे हेक्टर ठरवू? वरचे लोक मला वेड्यात काढतील. निळ्यांचे ते फोटो पाहिलेत ना? आणि तुमचे ते घाटातले लंगडे-पांगळे! बी द्यायला धड झाडं तरी आहेत का ती?"

"ती लंगडी माणसांनी केली, सर. कुऱ्हाडीचे घाव बियांत उतरत नाहीत. बियांत उतरतं ते इथल्या मुरमातून पाणी काढणं. ते त्यांना येतं."

"बरं. मग दाखवा खापऱ्या."

"जागेवर आहेत."

"म्हणजे? आणल्या नाहीत?"

"काढायच्या नाहीत, असं ठरलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या कडूबाईकडे. मला वाटलं, आता फाइल उघडणार आणि सही करणार. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित केली असती. कडूबाई पुढं आली आणि तिनं खुरपं त्यांच्यापुढं धरलं, मूठ त्यांच्याकडे करून.

"तुमीच बघा साहेब. पायजे ते रोप घ्या. पन काढली तर तुमच्या हातानं परत ठेवायची."

साहेब तिसऱ्या पट्ट्यात गेले. इस्त्रीच्या पँटीत, निळ्या खुंटीच्या चौकटीत, अगदी मधल्या एका रोपापाशी उकिडवे बसले. मी वही उघडली. "सर, तिथं तीन निघतील."

त्यांनी उकरलं. एक. दोन. तीन. चौथ्यासाठी आणखी उकरलं, नव्हती. मग उठले, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या चौकटीत गेले. मी म्हणाले, "तिथं काही नाही." नव्हतंच. असं त्यांनी अकरा ठिकाणी केलं. अकराही ठिकाणी माझी वही बरोबर निघाली. बाराव्या ठिकाणी त्यांनी मला विचारलंही नाही. एक खापरी काढून तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली. मग ती परत ठेवली, माती ओढली, दोन्ही हातांनी दाबली आणि कडूबाईकडे वळून म्हणाले, "नीट बसली का?"

"थोडी अजून दाबा," ती म्हणाली.

त्यांनी दाबली. जीपमध्ये बसताना टाइप केलेलं पत्र चार घड्या करून खिशात टाकलं. "घाटातलं बी किती किलो मिळेल ते सोमवारपर्यंत कळवा," एवढंच म्हणाले. आणि मग, "तो रकाना राहू दे अहवालात. मी बघतो कोण हसतं ते."

हसले पुष्कळ. पण बी घाटातलंच गेलं. पुढं सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, पलीकडच्या डोंगरावरच्या लागवडी वाळून काड्या झाल्या, तेव्हा आमच्या आठशे हेक्टरांत शंभरातली अठ्ठ्याहत्तर झाडं उभी होती. त्यानंतर कुणी हसलं नाही.

बारा वर्षांनी कडूबाई कामावरून उतरली. तोवर मी त्या केंद्राची प्रमुख झाले होते. तिच्या जागी सुभद्रा नावाची तिशीची बाई आली होती. निरोपाला आम्ही सगळे माळावरच जमलो, गूळ-शेंगदाणे वाटले. निघायच्या वेळी अवजारांच्या खोलीची किल्ली कडूबाईनं सुभद्राच्या हातात दिली. मला थट्टा सुचली.

"काय कडूबाई, तुमच्या जागेवर आता दुसरी आली. खापरी ठेवायची राहिली की!"

"ठेवलीये ना," ती म्हणाली. "कव्हाच."

"कधी?"

"तुमी मला येऊ नको म्हन्ल्या त्याच्या दुसऱ्या रोजी सकाळी. किल्ली द्यायला आले तवा." तिनं खोलीच्या उंबऱ्याकडे बोट केलं. "म्हन्लं, आता मह्या जागी कोनतरी येईल. पोटासाठीच येईल बिचारी. तिला मह्यासारखं बोलनं खायाची पाळी नको."

त्या सकाळी दाराशी उकिडवी बसलेली ती मला दिसली होती. रडते आहे असं समजून मी मान फिरवली होती. माझ्या तोंडून ते सगळं ऐकून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी ती आपल्यामागून येणाऱ्या बाईची काळजी करत बसली होती.

मी खुरपं मागितलं. उंबऱ्याच्या उगवतीकडच्या अंगाला बसले. चार बोटांवर खट् वाजलं. काळपट, कडा झिजलेली खापरी. बारा वर्षं मी रोज तिच्यावरून आत-बाहेर केलं होतं.

"कडूबाई," मी म्हणाले, आणि पुढचे शब्द बारा वर्षं उशिरा आले. "चुकले मी त्या दिवशी."

ती माझ्याशेजारी टेकली. माझ्या हातातली खापरी तिनं घेतली नाही.

"ठेवा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं. अन् माती नीट दाबा."